दोन दारांची शाळा

आश्विनातलं ऊन आमच्या वऱ्हाडात मोठं लबाड असतं. सकाळी ते अंगावर घ्यावंसं वाटतं, दुपारी त्यालाच शिव्या द्याव्या लागतात, आणि संध्याकाळी ते न सांगता निघून जातं. मलकापूरहून मोताळ्याच्या रस्त्याला लागलं की या दिवसांत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसतो. एस.टी.च्या खिडकीशी बसून मी तो पाहत राहते आणि मला हमखास तो आश्विन आठवतो, ज्यात आमच्या दोन गावांनी एकमेकांचं तोंड पाहणं टाकलं होतं. परवाही आठवला. निमित्त झालं माझ्या बालमैत्रिणीच्या, रजियाच्या फोनाचं.

"शाळेवरून पुना भांडण लागलं बाई," ती म्हणाली. तिचा आवाज काळजीचा नव्हता, मजेचा होता. "ये तू. लई दिवसांत असं रंगलं नव्हतं."

मी पिशवी भरली आणि निघाले. या वयात माणसं देवदर्शनाला जातात. मी भांडण पाहायला चालले होते.

शाळेत राजकारण आणू नका, असं भले लोक नेहमी सांगतात. ऐकायला फार बरं वाटतं. पण आमची शाळा राजकारणानेच आणली, हे मी कुणाला सांगू? कुणी एखादा थोर माणूस आला, त्याने मुलींच्या शिक्षणाची तळमळ बाळगली आणि शाळा उभी केली, असं आमच्याकडे घडलंच नाही. आमच्याकडे दोन माणसं हट्टाला पेटली, तिसऱ्याला मतं हवी होती, आणि त्या ओढाताणीत शाळा उभी राहिली. म्हणून ती कमी प्रतीची झाली असं मला कधी वाटलं नाही.

आमचं पळसखेड बुद्रुक, रजियाचं पळसखेड खुर्द. मधे एक नाला आणि नाल्याच्या दोन्ही काठांना पसरलेलं मुरमाड गायरान. बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे लहान, हे सरकारी कागदातलं झालं. खुर्दवाल्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही आणि बुद्रुकवाले ते कधी विसरले नाहीत. दोन्ही गावांत सातवीपर्यंतची आपापली शाळा होती, आपापला मारुती होता आणि आपापला पुढारी होता. आमच्याकडे यादवराव देशमुख, कापसाचे व्यापारी. तिकडे तुळशीराम पाटील, सोसायटीचे चेअरमन. एकाने हो म्हटलं की दुसरा नाही म्हणणार, हे इतकं ठरलेलं होतं की दोघांना एकमेकांचं मत विचारायची कधी गरजच पडत नसे.

माझे बाबा शिंपी. यादवरावांच्या घराच्या ओट्यावर त्यांची मशीन असे. "या एका ओट्यावर बसून मी तीन राज्यं पाह्यली," असं ते म्हणायचे. ते खरंच होतं. वऱ्हाड आधी मध्य प्रदेशात होतं, मग मुंबई राज्यात गेलं, आणि आता महाराष्ट्र नवा नवा झाला होता. पंचायत समिती, सभापती, लोकवर्गणी, श्रमदान हे शब्द गावात नुकतेच आले होते. अंगाला अजून बसले नव्हते, पण जो तो ते घालून मिरवत होता.

रजियाची आणि माझी ओळख कापसातली. तिचे अब्बा रहीमचाचा पिंजारी. थंडीच्या आधी गाद्या-रजया पिंजायला ते दोन्ही गावांत घरोघर फिरायचे. त्यांना ना बुद्रुकची बंदी, ना खुर्दची. खांद्यावर कापूस पिंजायचं ते लांबलचक धनुकलं, आणि मागे रजिया. आमच्या पडवीत त्या धनुकल्याची तात धुंई-धुंई वाजायला लागली की माझा अभ्यास संपला. कापूस हवेत उडायचा, आमच्या केसांत, पापण्यांत बसायचा, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्याचा खेळ खेळायचो. आता खेळायची गरज उरली नाही. पण तेव्हा ते आठ-पंधरा दिवस म्हणजे आमची वर्षाची कमाई होती. एरवी नाल्याच्या या काठावरून त्या काठावर हात हलवायचा, बस.

त्या वर्षी आम्ही दोघी सातवीत होतो. आणि दोन पळसखेडांत मिळून एक हायस्कूल मंजूर झाल्याची बातमी आली.

बातमी आली त्या दिवशी दोन्ही गावांत फटाके वाजले. बुद्रुकाला वाटलं आपल्याकडे आलं, खुर्दाला वाटलं आपल्याकडे. दुसऱ्या दिवशी कळलं की मंजुरी आली आहे, जागा ठरायची आहे. मग काय विचारता!

यादवरावांनी आपल्या कापसाच्या गोदामामागची जागा देऊ केली. तुळशीराम पाटलांनी आपल्या भाजीच्या मळ्यालगतची. दोघंही दानशूर! बाबांच्या ओट्यावर माणसं त्या दानावर बोलायची आणि मी दाराआड उभी राहून ऐकायची. सगळे गेले की बाबा कात्री चालवत चालवत म्हणायचे, "शाळेच्या मांगं सडक येते. सडकेच्या मांगं मोटार येते. मोटारीच्या मांगं जागेचा भाव येते. पोट्टे त सगळ्यायच्या मांगून येतेत."

"अन् पोरी?" मी एकदा विचारलं.

बाबांची कात्री थांबली. कापड मात्र त्यांनी हातातून सोडलं नाही. "पोरी..." ते म्हणाले. "पाहू."

आईने मात्र स्पष्ट सांगून टाकलं होतं. "गावात झाली त जाशीन. नाल्यापलीकडे पोरगी धाडाची नाई." त्याच आठवड्यात रहीमचाचा आमच्याकडे पिंजायला आले होते, त्यांचंही तेच. आईने चहा दिला तेव्हा ते म्हणाले, "भाभी, मी सोता दोनी गावात फिरतो. पन लेक नाल्यापार कशी धाडू? पावसाळ्यात नाला आडवा, अन् उन्हाळ्यात लोकं आडवे. शाळा आमच्या गावात झाली त रजिया शिकन. नाई झाली त अल्लाची मर्जी."

रजियाने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. हिशेब अगदी सोपा होता आणि तो दोघींना एकदमच कळला. शाळा आमच्याकडे आली की तिचं शिक्षण संपलं. तिच्याकडे गेली की माझं. आजवर मी देवाजवळ शाळा आमच्या गावाला दे म्हणून मागत होते. त्या दिवसापासून मला काय मागावं ते कळेना. मला राग आला, खूप राग आला, पण तो कुणावर काढायचा तेच समजेना.

पंचायत समितीचे सभापती भले गृहस्थ होते, म्हणजे कुणालाच दुखवत नसत. ते जीप घेऊन यायचे, आधी यादवरावांकडे चहा घ्यायचे, मग तुळशीराम पाटलांकडे. दोघांनाही म्हणायचे, "तुमचं म्हणणं रास्त आहे." त्यांना दोन्ही गावांची मतं हवी होती. एकदा अंतर मोजायचं ठरलं. ज्या गावाची जागा दोन्ही गावांना मिळून जवळ पडेल, त्या गावाला शाळा. आमच्याकडे गावाचं अंतर मारुतीपासून मोजतात. बुद्रुकात मारुती दोन आहेत, एक गावातला आणि एक वेशीवरचा. आमच्या लोकांनी सोयीचा मारुती धरला. खुर्दवाल्यांना एकच मारुती. मग त्यांनी मारुती सोडून दर्ग्यापासून मोजलं, कारण दर्गा जवळ पडत होता. तुळशीराम पाटील छातीला हात लावून म्हणाले, "आमच्यात भेदभाव नाई, सभापती साहेब. दर्गाबी आमचाच." त्या एका दुपारपुरता गावात एवढा भाईचारा आला की मौलवीसाहेबच चकित झाले.

शेवटी सभापती वैतागले. दिवाळीपर्यंत जागा एकमताने ठरली नाही तर हायस्कूल तिसऱ्याच गावाला जाईल, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, आता तरी ही माणसं नमतील. पण ओट्यावर मी काय ऐकलं ते आजही कानात आहे. "गेलं त गेलं, पन खुर्दाले नाई भेटलं पाह्यजे." पलीकडेही तेच चाललं होतं, फक्त गावाचं नाव बदलून.

मोठ्यांचं वारं लहानांना लागतंच. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेला मातीची भुलाबाई, म्हणजे पार्वती, बसते. महिनाभर पोरी संध्याकाळी गोळा होतात, तिच्यापुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि ज्या घरी गाणी झाली त्या घरची बाई बंद डब्यात खिरापत आणते. डबा वाजवून दाखवायचा, आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं, ओळखल्याशिवाय खायला नाही. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव करून भुलाबाईची बोळवण. ही शेवटची भुलाबाई दोन्ही गावांच्या पोरी एकत्र बसवायच्या, एक वर्ष बुद्रुकात, एक वर्ष खुर्दात. त्या वर्षी पाळी कोणाची, यावरून आमची जुंपली. पाळी त्यांचीच होती. पण ते कबूल कोण करणार?

कोजागिरीच्या संध्याकाळी आम्ही आमची भुलाबाई पाटावर घेऊन गावाच्या शिवेपर्यंत गेलो. हेतू काही उदात्त नव्हता. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने गाऊन त्यांना चिडवायचं होतं. गायरानात पोहोचलो तर समोरून खुर्दच्या पोरी आपली भुलाबाई घेऊन त्याच बेताने येत होत्या. नाल्यात पाणी घोट्याएवढं होतं. आम्ही गळे फाडून गायला लागलो. त्याही लागल्या. कुणाला कुणाचं ऐकू जाईना. तेव्हा चांगलं ऐकवता यावं म्हणून त्या नाला उतरून अलीकडे आल्या. रजिया सगळ्यांत पुढे होती आणि माझ्याकडे पाहून हसू दाबत होती. शेवटी दोन्ही भुलाबाया एकमेकींच्या शेजारी टेकवाव्या लागल्या, कारण हात भरून आले होते. धांडे दोन्हीकडे कमी पडत होते. त्यांचे तीन आणि आमचे दोन मिळून एकच मांडव झाला.

खिरापतीशिवाय भुलाबाई उठत नाही, आणि भुलाबाई होती गायरानात. त्यामुळे वाट पाहून पाहून आमच्या आया डबे घेऊन तिथे आल्या. आधी रागावलेल्या आल्या. "कारट्यायनो, इथी कायले मेल्या?" असं म्हणत आल्या. मग पलीकडच्याही आल्या. आणि सगळ्यांच्या मागून आल्या सुभद्राकाकू, यादवरावांच्या पत्नी. वेशीबाहेर कधी न दिसणाऱ्या. डोक्यावरून पदर घट्ट, हातात पितळी डबा.

भुलाबाईपुढे बसलेल्या पोरीला खिरापत नाकारता येत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. ती पोरगी कोणत्या गावाची, कोणाची, हे विचारायचं नसतं. काकूंनी डबा हलवला. आवाज नाही. आमच्यातल्या एकीनेही ओळखलं नाही. रजिया हळूच पुढे सरकली, काकूंच्या हातांशी वाकून वास घेतला आणि म्हणाली, "तीळकूट."

"शहानी हाये पोट्टी," काकू म्हणाल्या आणि पहिला घास तिच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात जीपचा उजेड आला. सभापती खुर्दातली आणखी एक निष्फळ बैठक आटोपून परत निघाले होते. गायरानात दोन्ही गावांच्या एवढ्या बायापोरी पाहून त्यांना काहीतरी विपरीत घडल्यासारखं वाटलं असणार. ते घाईने उतरले.

"वहिनी, तुम्ही इथं? रानात?"

काकूंनी पदर आणखी पुढे ओढला, पण आवाज खाली आणला नाही. "पोरी इथी बसल्या त खिरापत कुठी नेऊ? जिथी भुलाबाई, तिथी खिरापत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुमची शाळा मातर नवलाची साहेब. जागा कुठी हाये तेच सारे पाहून राह्यले. पोरी कुठी हायेत ते कोनी पाहून नाई राह्यलं."

माझी आई तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग रजियाच्या अम्मीकडे. दोघींनी आपापले डबे उघडले आणि एकाच रांगेत खिरापत वाटायला घेतली.

सभापतींच्या हातावर तीळकूट ठेवलं गेलं. ते त्यांनी चावून खाल्लं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग आम्हा पोरींना विचारलं, "हे गायरान कोणाचं गं?"

"आमचं!" आम्ही ओरडलो. "आमचं!" त्याही ओरडल्या. एकाच दमात.

सभापती मोठ्याने हसले. "मग झालं तर," म्हणाले, आणि जीपमध्ये जाऊन बसले.

त्या क्षणी त्यांच्या मनात मुलींचा विचार होता की मतांचा, हे मी पुढे अनेकदा स्वतःला विचारलं आहे. माझा अंदाज, मतांचा. गायरानात शाळा बांधली तर कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही, ही त्यांच्यासारख्या माणसाला पर्वणीच! यादवराव कबूल झाले, कारण तुळशीरामाला मिळालं नाही. तुळशीराम पाटील कबूल झाले, कारण यादवरावाला मिळालं नाही. दोघांनी आपापल्या गावात पेढे वाटले. आईने मात्र मला जवळ घेऊन सांगितलं, "गायरानापर्यंत जाशीन. ते काई पलीकडे नाई." तिकडे रहीमचाचाही म्हणाले, गायरान दोनी गावाचं, तिथी धाडीन, अन् पावसाळ्यात नाला मी सोता पार करून देईन. मी त्या दिवशी रडले. आनंदाने रडतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

बांधकाम श्रमदानाने झालं, म्हणजे भांडून झालं. पूर्वेची भिंत बुद्रुकाने बांधली, पश्चिमेची खुर्दाने. कोणाची भिंत आधी उठते यावर पैजा लागल्या. आणि दाराचा प्रश्न आला तेव्हा पुन्हा सगळं अडलं. शाळेचं तोंड कोणत्या गावाकडे? पाठ कुणाकडे करायची? पाठ म्हणजे अपमान. म्हणून आमच्या शाळेला पाठच ठेवली नाही. दोन्हीकडे तोंडं, दोन मोठी दारं, दोन्हींना सारख्या पायऱ्या, सारखी कमान. घंटा नेमकी मधे टांगली. परगावचा मास्तर रुजू व्हायला यायचा तेव्हा बिचाऱ्याला पुढचं दार सापडायचं नाही. कोणतंही विचारलं तरी उत्तर एकच, "हेच पुढचं."

पुढे मी सरकारी नोकरीत गेले. शाळा, रस्ते, दवाखाने, पाणी यांच्या किती जागा कशा ठरतात, ते जवळून पाहिलं. कागदावर जनहित असतं आणि कागदाभोवती माणसं असतात. कुणाला आपला मळा दिसत असतो, कुणाला निवडणूक, कुणाला शेजाऱ्याची जिरवायची असते. सुरुवातीला मला याची किळस यायची. माझ्याबरोबरची तरुण माणसं म्हणायची, सगळा चिखल आहे. मग मला गायरान आठवायचं. चिखल खरा, पण आमच्या भिंतीही चिखलाच्याच होत्या आणि त्या पुष्कळ वर्षं टिकल्या. स्वार्थ कुठेच जात नाही. सुभद्राकाकूंनी त्याला जायलाही सांगितलं नाही. त्यांनी फक्त पोरी कुठे आहेत ते दाखवलं. जिथे ते दाखवणारं कुणी नव्हतं, तिथे दवाखाने ओस पडलेले आणि रस्ते गोदामाशी संपलेले मी पाहिले आहेत. तेही खोटं नाही. म्हणून मी बैठकीत नेहमी एवढंच विचारत आले, की ज्यांच्यासाठी हे करायचं ती माणसं आत्ता कुठे उभी आहेत. लोक वैतागायचे. वैतागू देत.

एस.टी. पळसखेडला थांबली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. रजिया थांब्यावर उभी होती, पांढरे केस ओढणीखाली, हातात डबा. ती याच शाळेत शिकली, याच शाळेत शिक्षिका झाली आणि इथूनच निवृत्त झाली. आम्ही चालत निघालो. मला दर वेळी नवल वाटतं. दोन्ही गावांपासून लांब म्हणून ज्या जागेला सगळ्यांनी नावं ठेवली, तिच्या दोन्ही अंगांनी आता घरं आली आहेत. नाल्यावर पूल आहे. बुद्रुक वाढत वाढत पश्चिमेला आलं, खुर्द पूर्वेला, आणि शाळा आयतीच दोघांच्या मध्यात सापडली. कुणीच ठरवलं नव्हतं.

शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका तरुण होत्या, पुण्याकडच्या. बिचाऱ्या त्रासल्या होत्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठी येण्याजाण्याचं एकच दार ठेवा, असा वरून आदेश आला होता. त्यात चूक काहीच नव्हती. पण कोणतं दार बंद करायचं यावरून दोन्ही गावं पुन्हा उठली होती. कमिटीच्या दोन बैठका मोडल्या होत्या.

"तुम्ही दोघी पहिल्या तुकडीतल्या," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"भांडू द्या त्यायले," रजिया शांतपणे म्हणाली. "भांडून दमले की पोरायकडे पाहतीन. फक्त तुमी त्यायले इथी, शाळा भरते तेव्हा बसवा. घरी नका बसवू."

बाईंनी मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही कोणत्या दाराने यायचात?"

मी पूर्वेकडे बोट दाखवलं. रजियाने पश्चिमेकडे. बाई दोन्ही दारांकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे रोज वेगवेगळ्या रस्त्याने यायचात, वेगवेगळ्या रस्त्याने जायचात? मग तुम्ही भेटायचात तरी कुठे?"

रजियाने हातातला डबा माझ्या कानाशी नेऊन हलवला. आवाज आला नाही. मला हसू फुटलं.

"वर्गात," आम्ही दोघी एकदम म्हणालो.